वाचकांचे प्रश्न : वर्गात मुलांना बोलू द्यावं का?

वर्गात बोलू दिलं तर मुलं जास्त शिकतात का, या एकाच विषयावर या वेळी बरीच पत्रं आली. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी अशा तिघांच्याही पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी सहावी-सातवीला शिकवते. मुलांना बोलतं करा, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. बोलतं केलं की नुसता कलकलाट होतो आणि तास हातचा जातो. गप्प बसून ऐकणाऱ्या वर्गापेक्षा बोलणारा वर्ग खरंच जास्त शिकतो का?

उत्तर : नुसत्या बोलण्याने काही होत नाही. बोलताना मुलाला कारण द्यावं लागतं की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. वर्गात एक प्रश्न टाकला आहे असं धरा : ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? तीन बाकांवर काय चालतं ते ऐका.

पहिलं बाक : “०.४५.” “नाही, ०.५.” “अगं, ०.४५च!” “जा, बाईंना विचार.”

दुसरं बाक : “०.४५ ना?” “हो, मलाही तेच वाटलं.” “मग लिही.”

तिसरं बाक : “०.४५. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, म्हणून.” “थांब. ०.५ मीटर म्हणजे किती सेंटिमीटर?” “पन्नास.” “आणि ०.४५ मीटर?” “पंचेचाळीस... अरे, मग ०.५ मोठी. म्हणजे ०.५ला ०.५० लिहिलं तरी चालतं?”

तिन्ही बाकं बोलली, शिकलं फक्त तिसरं. ब्रिटनमधले संशोधक नील मर्सर यांनी वर्गातल्या बोलण्याचे नेमके हेच तीन प्रकार केले आहेत : एक वादाचं, दुसरं होयबाचं आणि तिसरं एकमेकांचं म्हणणं तपासत पुढे जाण्याचं. बाहेरून कलकलाट तिन्हींचा सारखाच. म्हणून बाकांमधून फिरताना आवाज किती आहे याकडे कान देऊ नका. ‘कारण’, ‘म्हणजे’, ‘पण मग’, ‘थांब’ हे शब्द कानावर येतात का, ते बघा. येत नसतील तर चर्चा थांबवा आणि प्रश्न बदला.

आकड्यांत हवं असेल तर विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयीन वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं. विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होतं. या ‘काहीतरी’त चर्चेखेरीज इतरही बऱ्याच गोष्टी येतात. त्यामुळे सगळं श्रेय बोलण्याला देऊ नये.

प्रश्न : ‘शेजाऱ्याशी चर्चा करा’ म्हटलं की हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे उतरवून घेतात. दोन मिनिटांत सगळं शांत. हे टाळायचं कसं?

उत्तर : इथे चूक मुलांची नाही, क्रमाची आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून स्वतःचं उत्तर ठरवायचं आणि मगच तोंड उघडायचं. या क्रमावर बेतलेली, बरीच वापरली गेलेली पद्धत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांची. त्यांनी ती १९९१ साली सुरू केली. तिचं नाव ‘पीअर इन्स्ट्रक्शन’, म्हणजे सोबत्यांनी एकमेकांना शिकवणं.

विषयाचा छोटा तुकडा सात ते दहा मिनिटं शिकवा आणि मग पर्यायांचा एक प्रश्न फळ्यावर लिहा. तोंडी सांगू नका, कारण पर्याय लक्षात ठेवण्यातच निम्मी शक्ती जाते. नंतर एक ते दीड मिनिट पूर्ण शांतता. या वेळात प्रत्येकाने वहीत पर्याय आणि त्याखाली एका ओळीत कारण लिहायचं. ही ओळ वगळलीत तर पुढचं सगळं ढेपाळतं, कारण जे ठरवलेलंच नाही त्याची बाजू कुणी मांडू शकत नाही. ओळ लिहून झाली की मत घ्यायचं. ‘तीन, दोन, एक’ म्हणताच सगळ्यांनी एकदम आपल्या पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरून दाखवायची, म्हणजे मागच्याला पुढच्याची दिसत नाहीत. रंगीत कार्डंही चालतात. मत नोंदवणारं यंत्रच हवं असं नाही.

आता मोजा. पुढचं पाऊल या मोजणीवर ठरतं. बरोबर उत्तरं साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी असतील तर चर्चेत वेळ घालवू नका. समजावून सांगू शकेल असं वर्गात पुरेसं कुणी नाही, तेव्हा तुम्हीच पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असतील तरच म्हणा, “तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला शेजारी शोध आणि त्याला पटवून दे.” दोन-तीन मिनिटं द्या, पुन्हा मत घ्या आणि शेवटी तुम्ही समजावून सांगा. हे शेवटचं समजावणं गाळू नका. चर्चा आणि शिक्षकाचा खुलासा मिळून जे साधतं, ते दोन्हींपैकी एकट्याने साधत नाही.

पहिल्या मतदानात कोणत्या पर्यायाला किती मतं पडली, हे चर्चेआधी सांगायचं नाही. सांगितलंत तर मुलं कारणाऐवजी बहुमताच्या मागे जातात. या प्रश्नांना गुणही ठेवायचे नाहीत. गुण आले की चर्चेचा बाजार होतो आणि हुशाराचं उत्तर विकलं जातं.

सर्वांत जास्त फसतं ते प्रश्न निवडताना. ‘बलाचं एकक कोणतं?’ यावर चर्चा होऊच शकत नाही, आठवतं किंवा आठवत नाही, एवढंच. चांगल्या प्रश्नात एकच संकल्पना असते, आकडेमोड जवळजवळ नसते आणि चुकीचे पर्याय मुलांच्याच वह्यांतल्या चुकांमधून आलेले असतात. उदाहरणार्थ : नाणं सरळ वर उडवलं. हातातून सुटलं आहे आणि अजून वर चाललं आहे. हवेचा विरोध धरायचा नाही. या क्षणी नाण्यावरचं बल कसं? (अ) वरच्या दिशेने, (आ) वरच्या दिशेने पण कमी कमी होत जाणारं, (इ) खालच्या दिशेने, (ई) बलच नाही. उत्तर ‘इ’, फक्त गुरुत्वाकर्षण. पण ‘वर जातंय म्हणजे कुणीतरी वर ढकलत असणारच’ ही समजूत इतकी चिवट असते की ‘आ’ला भरघोस मतं पडतात. ‘आ’वाल्याला ‘इ’वाला विचारतो, “वर ढकलतंय कोण? हात तर सुटला.” चर्चेतून हवं असतं ते एवढंच.

उतरवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक नियम : चर्चेनंतर वर्गाला कारण सांगायचं ते समजावणाऱ्याने नाही, ऐकणाऱ्याने. शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांच्या गटकार्यावरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. सविस्तर समजावून देणाऱ्याचा फायदा होतो. ज्याला नुसतं उत्तर मिळतं, त्याचा होत नाही. आता तेच कारण आपल्याला बोलायचं आहे हे कळलं की ऐकणारा स्वतःहून विचारतो, “पण का?”

शिकवण्याचा वेळ सोडून एका फेरीला आठ-दहा मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांच्या तासात दोन फेऱ्या पुरे. तिसरी कोंबलीत तर शेवटचा खुलासा घंटेत बुडतो.

प्रश्न : दोघांनाही येत नसेल, तर चर्चेतून चुकीचंच पक्कं नाही का होणार?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि ती थेट तपासून झाली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या आनुवंशिकीच्या एका मोठ्या वर्गात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आधी एक प्रश्न एकट्याने सोडवायला दिला, मग चर्चा झाली आणि तोच प्रश्न पुन्हा दिला. उत्तर न सांगता लगेच दुसरा प्रश्न दिला. त्यातली संकल्पना तीच, पण वेष वेगळा, आणि तो पुन्हा एकट्याने सोडवायचा होता. बरोबर उत्तरांची सरासरी पहिल्यांदा ५२ टक्के, चर्चेनंतर ६८ आणि नव्या प्रश्नावर ७३ होती. शेजाऱ्याची नक्कल झाली असती, तर नव्या प्रश्नावर आकडा घसरला असता.

ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हतं, त्यांच्यातही सुधारणा दिसली. कारण समजण्यासारखं आहे. चुकीचं उत्तरही सिद्ध करायला गेलं की मध्येच अडतं आणि कुठे अडलं ते दिसतं. पण ‘३० टक्क्यांखाली चर्चा नको’ हा नियम तेवढ्याने रद्द होत नाही. तिथे वेळ फार जातो आणि हाती येईलच याची खात्री नसते.

प्रश्न : साठ मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, भिंती कोऱ्या. एकदम बोलायला लागली की शेजारचे वर्ग तक्रार करतात.

उत्तर : आवाज चढत का जातो ते आधी समजून घ्या. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे दाखवलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. एक बाक चढलं की शेजारचं चढतं, मग सगळेच. म्हणून ‘हळू बोला’ ही सूचना मिनिटभरसुद्धा टिकत नाही.

त्यावर उपाय म्हणजे अंतर कमी करणं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे समोरच्याला तितकंच ऐकू जायला बोलणाऱ्याला तितकाच आवाज चढवावा लागतो. खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांच्या तोंड-कानात अर्ध्या मीटरचं अंतर असतं. चौघांचा गट केला की ते सहज एक मीटर होतं. चौघांच्या गटांत एका वेळी बोलणारी तोंडं निम्मी होतात खरी, पण त्याने ३ डेसिबलच वाचतात. हिशेब तोट्याचाच. शिवाय चौघांतला एक हमखास खिडकीबाहेर बघत असतो. ठोकलेली बाकं इथे उलट सोयीची : बाकावरच्या दोघांचीच जोडी करा. बाकावर तिघं असतील तर मधल्याला आधी बोलू द्या, नाहीतर तो दोघांकडे मान वळवत बसतो.

बोलण्याआधी ‘हातभर आवाज’ ठरवून घ्या. हात लांब केला तर जिथवर पोचेल, तिथवरच आवाज जायला हवा. एकदा दोन बाकांकडून करून दाखवा. थांबण्याची खूण आवाजाची नको. हात वर करा. बघेल त्याने हात वर करून गप्प व्हायचं. आणि चर्चा ओसरेपर्यंत वाट बघू नका. दोन-तीन जोड्या विषय सोडून बोलायला लागल्या की थांबवा.

कोऱ्या भिंतींचा प्रश्न मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनानुसार वर्गात पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि आवाज घुमण्याचा काळ सुमारे ०.६ सेकंदापेक्षा लांब नसावा. कोऱ्या भिंती आणि फरशी असलेल्या मोठ्या खोलीत हे साधत नाही. मागच्या भिंतीला जाड कापड किंवा सॉफ्टबोर्ड लावला तर फरक कानाला कळतो.

प्रश्न : कुठलाही प्रश्न विचारला तरी तेच चार हात वर होतात.

उत्तर : घड्याळ लावून बघा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असं दिसलं. तेवढ्यात ज्याला आधीच येतं, त्याचाच हात वर होतो. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, फळ्यापाशी उभं राहिलं की युग वाटतं. मनात सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ मोजा.

दुसरा थांबा बहुतेकांना ठाऊकच नसतो. मुलाचं उत्तर संपल्यावरही तीन सेकंद थांबायचं. “बरोबर!” म्हटलं की विचार तिथेच संपतो. गप्प राहिलं की तोच मुलगा पुढे म्हणतो, “...कारण...” आणि कामाचं ते नंतरचंच असतं. मुलाचं प्रत्येक उत्तर आपण मोठ्याने पुन्हा म्हणायची सवयही सोडा. बाई म्हणतीलच, या भरवशावर मुलं एकमेकांचं ऐकणं बंद करतात. त्याऐवजी, “ती काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग,” असं तिसऱ्यालाच विचारा.

नाव घ्यायचं ते प्रश्न विचारून, थांबून झाल्यावर. आधी नाव घेतलं की बाकीचे सुटले. चिठ्ठी काढून नाव घेणं न्याय्य असतं, पण त्याआधी जोडीत मिनिटभर बोलू द्या. मग लाजाळू मुलाला उभं राहून सांगायला निदान शेजाऱ्याचं तरी काही असतं. ‘माहीत नाही’ आलं तर “दोघांचं ऐक, मी परत तुझ्याकडे येते,” म्हणा, आणि खरंच परत या.

प्रश्न : माझी मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. प्रगतिपत्रकात ‘सहभाग कमी’ असा शेरा आला. ती मागे पडेल का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. चर्चा नीट घडवलेल्या वर्गांत जास्त बोलणारी मुलं आणि गप्प राहून ऐकणारी मुलं यांच्या शिकण्यात फरक न आढळल्याचं संशोधक कॅथरीन ओ’कॉनर आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं. मन लावून ऐकणारं मूल मनातल्या मनात वादात उतरलेलं असतं. तोंड किती वेळा उघडलं, हे मोजून सहभागाला गुण देणं आम्हाला चुकीचं वाटतं. त्याने बडबड वाढते, विचार नाही.

घरी एवढंच बघा, की ती वाचलेलं स्वतःला समजावून सांगू शकते का. संशोधक मिशेलीन ची यांच्या १९९४च्या प्रयोगात आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा मजकूर दिला होता. एका गटाने प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःला समजावून सांगायचा होता, दुसऱ्याने तोच मजकूर दोनदा वाचायचा होता. पहिल्या गटाला जास्त समजलं. तिला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका, त्याला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळतं. पुस्तकातल्या एका आकृतीवर बोट ठेवून, “हा बाण इकडे का जातो?” असं विचारा. शिक्षकांशी बोलणं झालं, तर सगळ्या वर्गासमोर न विचारता आधी जोडीत बोलायला द्या, एवढीच विनंती करा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. विद्यार्थीच म्हणतात, “सर, चर्चा नको, तुम्ही शिकवा, जास्त समजतं.”

उत्तर : ते खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं मनापासून वाटतं. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे मोजलं गेलं आणि २०१९ साली प्रसिद्ध झालं. तोच विषय एका गटाला सुबक व्याख्यानातून शिकवला, दुसऱ्याला छोट्या गटांत सोडवायला लावून. पुढच्या विषयाला गट उलटे केले. चाचणीत गटांत काम केलेले पुढे होते. पण ‘किती शिकलो असं वाटतं?’ या प्रश्नावर व्याख्यान ऐकलेल्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. सफाईदार व्याख्यान ऐकताना कुठेच अडखळायला होत नाही, म्हणून सगळं कळल्यासारखं वाटतं. सोडवताना ठेचा लागतात आणि विद्यार्थी त्या ठेचांना ‘कळत नाही’ असं नाव देतो.

सत्राच्या पहिल्या आठवड्यातच हे आकड्यांनिशी सांगून टाका आणि पहिली चाचणी लवकर घ्या. आणि कुठे चर्चा नको, तेही पाळा. अगदी नव्या संज्ञांची पहिली ओळख आणि हात बसवण्याचा सराव, म्हणजे समीकरणं सोडवणं किंवा भागाकार, या वेळी चर्चा नको. तिथे शेजाऱ्याचं बोलणं हा निव्वळ व्यत्यय असतो.

प्रश्न : मी दहावीत आहे. मोठ्याने वाचून पाठ करावं की मनात?

उत्तर : मोठ्याने वाचलेले शब्द मनात वाचलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे प्रयोगांत नीट दिसलेलं आहे. पण फायदा होतो तो त्या शब्दांचं वेगळेपण टिकतं म्हणून. अख्खा धडा मोठ्याने वाचलास तर वेगळं असं काही उरत नाही आणि फायदा बराच घटतो. म्हणून धडा मनात वाच; व्याख्या, सूत्र, सनावळी तेवढ्या मोठ्याने. यातून शब्द लक्षात राहतील, अर्थ समजेलच असं नाही. अर्थासाठी पुस्तक मिटून रिकाम्या खुर्चीला समजावून सांग आणि जिथे अडशील, तेवढंच पान परत उघड.